पट्टी गावाची, डॉलर ऑटावाचा

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण घरखर्चाच्या बाबतीत म्हणतो. राज्यकारभाराच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे. खेड्यापाड्यांतल्या माणसाला आजारपणात औषधपाणी मिळावे, त्यासाठी त्याला बैल विकावा लागू नये, ही गोष्ट कोणत्याही पक्षाचा पुढारी व्यासपीठावरून कबूल करील. प्रश्न पुढेच येतो. हा खर्च करावयाचा कोणी? गावाने, प्रांताने की मध्यवर्ती सरकारने? आणि तिघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसावयाचे ठरविले, तर पहिला पैसा कोणी टाकावयाचा?

ह्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताइतके बोलके उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. हा प्रांत क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण 1941 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या नऊ लाखदेखील भरली नाही. दक्षिणेकडे सपाट माळरान, त्यावर क्षितिजापर्यंत गहू. उत्तरेला अरण्ये आणि सरोवरे. एका शेतघरापासून दुसरे शेतघर मैलभर दूर. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो आणि वाटा बर्फाखाली बुजून जातात. अशा मुलखात डॉक्टरने राहावे कशासाठी? एका रोग्यापासून दुसऱ्या रोग्यापर्यंत पोहोचण्यात त्याचा दिवस जावयाचा, आणि पीक बुडाले की फी कोंबड्या-बटाट्यांच्या रूपात यावयाची.

1914 च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्राममंडळापुढे हाच प्रसंग आला. तेथील ग्राममंडळ म्हणजे आपल्याकडील जुन्या लोकल बोर्डाचा एक छोटा भाऊ समजा. रस्ते करावे, जमिनीवरची पट्टी गोळा करावी, एवढाच त्याचा व्याप. गावचा एकुलता एक डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात होता. मंडळाने त्याला वर्षाकाठी 1500 डॉलर देऊ केले आणि ती रक्कम जमीनपट्टीतून काढली. हे कायद्यात बसत होते की नाही ह्याचा त्यांनी फारसा काथ्याकूट केलेला दिसत नाही. कायदा मागाहून आला. 1916 साली प्रांतिक विधिमंडळाने ग्राममंडळांना असा पगारी डॉक्टर ठेवण्याची मुभा दिली. त्याच सुमारास शेजारशेजारच्या मंडळांनी एकत्र येऊन इस्पितळ बांधावे व त्याचा खर्च पट्टीतून भागवावा, अशीही सोय झाली. 1944 पर्यंत शंभराच्या आसपास ग्राममंडळांत ही पद्धत चालू होती आणि सुमारे दोन लाख लोक तिचा लाभ घेत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ही माणसे कोणत्याही राजकीय तत्त्वज्ञानाने भारलेली नव्हती. धान्याची कोठारे, दूरध्वनीच्या तारा, सहकारी दुकाने त्यांनी मिळूनच उभी केली होती. एकट्याने करून त्या माळावर काही निभत नाही, हे त्यांना हिवाळ्याने शिकविले होते. डॉक्टर हाही त्यांच्या लेखी त्याच यादीतला एक होता. क्षयरोगाच्या बाबतीत तर प्रांताने 1929 सालीच सर्वांना मोफत उपचार देऊन टाकले. अख्ख्या उत्तर अमेरिकेत ही गोष्ट पहिल्यांदा घडली ती ह्या शेतकऱ्यांच्या प्रांतात.

मग मंदी आली आणि तिच्याबरोबर अवर्षण आले. 1929 साली बुशेलला डॉलराहून चढा असलेला गव्हाचा भाव 1932 अखेर चाळीस सेंटांच्या खाली गेला. वाऱ्याने शेतांची माती उचलून नेली. 1937 साली एकरी पाऊण क्विंटल गहूही सरासरीने भरला नाही. पट्टी भरावयास लोकांकडे दाम नव्हता, मंडळांकडे डॉक्टरला द्यावयास पगार नव्हता, आणि प्रांताला मदतीसाठी ऑटावाच्या मध्यवर्ती सरकारपुढे हात पसरावा लागला. गावाच्या पट्टीवर उभी असलेली व्यवस्था कितीही चोख असो, सगळ्या गावांचे पीक एकाच वर्षी बुडाले की ती सगळीकडे एकाच वेळी कोसळते. विमा म्हणजे धोका वाटून घेणे. पण सगळेच बुडत असताना तो वाटावयाचा कोणात? ज्याच्या हाती कारखान्यांचे, बंदरांचे, बँकांच्या शहरांचे उत्पन्न आहे, अशा मोठ्या सत्तेनेच येथे खांदा द्यावयास हवा, हे त्या दहा वर्षांनी स्पष्ट केले. तरीही मॅथ्यू अँडरसन नावाचा नॉर्वेहून आलेला एक शेतकरी, मॅककिलप मंडळाचा अध्यक्ष, ह्या काळात स्वस्थ बसला नाही. माणशी पाच डॉलर आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त पन्नास डॉलर पट्टी बसवून डॉक्टर व इस्पितळ दोन्हींची तरतूद करण्याची योजना त्याने मांडली. 1939 साली तिच्यासाठी कायदा करून घेतला आणि ती आपल्या मंडळात चालवूनही दाखविली.

आता मध्यवर्ती सरकारने खांदा द्यावयाचा तर अडचण कोठे होती? 1867 च्या घटनेने इस्पितळे प्रांतांच्या वाट्याला घातली होती आणि कराची मोठी साधने मात्र ऑटावाकडे ठेवली होती. आपल्याही घटनेत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यांच्या सूचीत आहेत, तेव्हा ही ओढाताण आपल्याला परकी वाटावयाचे कारण नाही. 1945 च्या 6 ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, ऑटावा येथे मध्यवर्ती सरकार व प्रांत यांची परिषद भरली. सरकारने देकार मोठा ठेवला होता: आरोग्यविम्याच्या अंदाजी खर्चाचा साठ टक्के भाग आम्ही देऊ; मात्र प्रांतांनी प्राप्तिकर, कंपन्यांवरील कर आणि वारसाकर आमच्या स्वाधीन करावेत. गरीब प्रांतांना हा सौदा मानवणारा होता. श्रीमंत ऑन्टेरिओ आणि आपले वेगळेपण जपणारे क्वेबेक यांना तो मानवला नाही. 1946 च्या वसंतात बोलणी फिसकटली आणि साठ टक्के कागदावरच राहिले.

सस्कॅचेवानमध्ये तोवर सत्तांतर झाले होते. जून 1944 मध्ये शेतकरी व कामगार यांच्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन ह्या पक्षाने प्रचंड बहुमत मिळविले व टॉमी डग्लस हे प्रांताचे पंतप्रधान झाले. आरोग्यखातेही त्यांनी स्वतःकडे घेतले. डग्लस हे मूळचे स्कॉटलंडचे, व्यवसायाने बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाचे हाड नासले होते. पाय कापण्याची वेळ आली असता एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने मोफत शस्त्रक्रिया केली, म्हणून पाय वाचला. मुलाचा पाय वाचावा की जावा हे बापाच्या खिशावर व परक्याच्या मर्जीवर का अवलंबून असावे, हा प्रश्न ते पुढे जन्मभर सभांतून विचारीत राहिले.

अधिकारावर येताच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासाचे अध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना पाचारण केले. सिगरिस्ट यांनी सप्टेंबरात प्रांत पालथा घातला आणि ऑक्टोबरच्या आरंभी अहवाल हाती ठेवला: प्रांताचे आरोग्यविभाग पाडा, ग्राममंडळांच्या डॉक्टरांची पद्धत वाढवा, इस्पितळातील उपचार सर्वांना मोफत करण्याच्या दिशेने चला, वैद्यकीय महाविद्यालय काढा. हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात आले होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीने परदेशांतून जे तज्ज्ञ सल्ल्यासाठी बोलाविले त्यांत ते होते. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना 1946 च्या ज्या भोर अहवालातून आली, त्याच्या सल्लागारांपैकी एकाच्या बुटांवर सस्कॅचेवानची धूळ अजून ताजी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण तेथे आणि येथे एक फरक होता. येथे आराखडा वरून खाली यावयाचा होता. तेथे तो खालून निम्मा वर चढलेला होता.

प्रांताच्या नैर्ऋत्येस स्विफ्ट करंट नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या मंडळांना पत्रांमागून पत्रे लिहून विल्यम ब्युराक नावाच्या एका मंडळाच्या चिटणिसाने मतदान घडवून आणले, आणि 1 जुलै 1946 पासून सुमारे पन्नास हजार वस्तीच्या त्या विभागात डॉक्टर व इस्पितळ या दोहोंची सोय पट्टीच्या बळावर सर्वांना खुली झाली. लगोलग, 1 जानेवारी 1947 पासून, अवघ्या प्रांताला इस्पितळाचा सक्तीचा विमा लागू झाला. वर्गणी माणशी पाच डॉलर, कुटुंबामागे जास्तीत जास्त तीस. हे आकडे ऐकल्यावर आपल्याला अँडरसनची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वर्गणीने खर्च भागत नसे. उरलेला बोजा प्रांताच्या तिजोरीवर पडे. अकरा वर्षांहून अधिक काळ ह्या प्रांताने तो एकट्याने वाहिला.

ऑटावाकडून ह्या अवधीत काहीच आले नाही असे नव्हे. 1948 पासून मध्यवर्ती सरकार सर्व प्रांतांना मिळून वर्षाला तीन कोटी डॉलरची आरोग्य अनुदाने देऊ लागले. त्यांत इस्पितळ बांधावयाचे झाल्यास खाटेमागे हजार डॉलर, अशी एक बाब होती. खाटेमागे अनुदान म्हटल्यावर काय झाले असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. गावोगाव इस्पितळे उभी राहिली, दहा खाटांची, पंधरा खाटांची. रुग्णाला बाहेर औषध देऊन घरी पाठविले तर विमा नाही, आत निजविला तर विमा आहे. मग डॉक्टरही त्याला आत निजवी. पैसा ज्या वाटेने येतो ती वाटच पुष्कळदा धोरण ठरविते.

1957 साली मात्र मोठे वळण आले. मध्यवर्ती संसदेने इस्पितळविम्याचा कायदा एकमताने मंजूर केला. सहा प्रांत तयार झाल्याशिवाय पैसा सुटावयाचा नाही, ही त्यातील अट नव्या सरकारने काढून टाकली. त्या सरकारचे प्रमुख जॉन डीफेनबेकर हे सस्कॅचेवानच्याच प्रिन्स आल्बर्टचे वकील, पक्षाने हुजूर. 1 जुलै 1958 पासून सस्कॅचेवानसह पाच प्रांतांना पैसा मिळू लागला.

ह्या पैशाचे सूत्र समजावून घेण्याजोगे आहे. देशातील माणशी सरासरी इस्पितळखर्चाचा चतुर्थांश, अधिक त्या प्रांताच्या स्वतःच्या माणशी खर्चाचा चतुर्थांश, आणि त्याला लोकसंख्येने गुणावयाचे. समजा, देशाची सरासरी वीस डॉलर आहे. एखाद्या प्रांताचा खर्च सोळा असेल तर त्याला पाच अधिक चार, म्हणजे नऊ डॉलर मिळतील, निम्म्याहून अधिक. चोवीस खर्च करणाऱ्याला पाच अधिक सहा, म्हणजे अकरा, निम्म्याहून कमी. काटकसरीने चालणाऱ्या किंवा गरीब प्रांताला झुकते माप, उधळ्याला चाप, आणि तरी सर्वांना सुमारे अर्धा वाटा. हिशेबनिसाच्या दृष्टीने सूत्र सुंदर आहे. मात्र वेड्यांची इस्पितळे आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामे ह्यांना त्यातून वगळले होते. क्षयाचे उपचार ज्याने आपणहून आधीच मोफत केले, त्या प्रांताला त्या खर्चाचा छदामही मिळावयाचा नव्हता.

तरीही ह्या अर्ध्या वाट्याने जे केले ते महत्त्वाचे. अकरा वर्षे इस्पितळांसाठी अडकून पडलेला प्रांताचा पैसा एकदम मोकळा झाला. दुसऱ्या एखाद्या मुख्य प्रधानाने कर कमी करून टाळ्या घेतल्या असत्या. डग्लस यांनी 1959 साली जाहीर केले की, आता डॉक्टरांच्या बिलांचाही विमा. 1960 ची निवडणूक ह्याच प्रश्नावर लढवून त्यांनी जिंकली, 1961 च्या नोव्हेंबरात कायदा झाला, आणि डग्लस नव्या पक्षाचे नेतृत्व करावयास मध्यवर्ती राजकारणात निघून गेले. जून 1962 मध्ये रेजायना शहरात ते स्वतःच निवडणुकीत पडले! निस्तरावयाचे काम त्यांच्यामागून आलेल्या वुड्रो लॉइड ह्या शिक्षकी पेशातल्या शांत गृहस्थाकडे आले.

1 जुलै 1962 रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तेवीस दिवस हा संप चालला. डॉक्टरांची बाजू अगदीच टाकाऊ होती असे मला वाटत नाही. सरकार हाच एकमेव धनी झाला तर उद्या औषध कोणते द्यावे हेही तोच सांगू लागेल, ही भीती प्रामाणिक असू शकते. पण खेड्यातली आई तापाने फणफणलेले मूल घेऊन बंद दारापुढे उभी राहते, तेव्हा तत्त्वाचा वाद तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वृत्तपत्रे बहुतांशी डॉक्टरांच्या बाजूची होती. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशा समित्या निघाल्या. मात्र 11 जुलैला रेजायना येथे त्यांनी भरविलेल्या सभेला अपेक्षित हजारोंच्या लोंढ्याऐवजी पाचएक हजारच लोक आले, आणि वाऱ्याची दिशा कळून चुकली. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणविले. काही गावांत लोकांनी वर्गणी काढून स्वतःची सहकारी चिकित्सालये थाटली. जुने वळण अजून मोडले नव्हते. अखेरीस लॉर्ड टेलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने मध्यस्थी केली. दोन्ही पक्ष एका खोलीत बसावयास तयार नसल्यामुळे तो निरोप घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालीत होता. 23 जुलैला सॅस्काटून येथे करार झाला. विमा सार्वत्रिक व सक्तीचा राहिला; डॉक्टर सरकारचे नोकर न होता कामाप्रमाणे फी घेणारे स्वतंत्र व्यावसायिक राहिले. ही तडजोड कॅनडाला आजतागायत बांधून आहे. सिगरिस्टच्या अहवालातला पगारी डॉक्टर तिच्यात मागे पडला, ह्याची खंत पुष्कळांना वाटते, आणि ती मला रास्त वाटते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. सॅस्काटूनचेच न्यायमूर्ती इमेट हॉल यांच्या आयोगाने 1964 साली हीच योजना साऱ्या देशाला लावण्याची शिफारस केली. 1966 अखेर कायदा झाला, 1 जुलै 1968 पासून मध्यवर्ती सरकार अर्धा खर्च देऊ लागले आणि 1971 पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. नवल असे की, ज्या वर्षी ऑटावाचा पैसा आला त्याच वर्षी सस्कॅचेवानचे नवे मुख्य प्रधान रॉस थॅचर यांनी डॉक्टरकडे गेल्यास दीड डॉलर व इस्पितळात दिवसाला अडीच डॉलर असा आकार बसविला. पाहणीत दिसले ते असे, की सधनांच्या भेटी फारशा कमी झाल्या नाहीत. घटल्या त्या गरिबांच्या. 1971 साली ॲलन ब्लेकनी यांच्या सरकारने तो आकार रद्द केला.

ह्या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे गेलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या आरोग्याचा भार प्रांताकडे नसून थेट मध्यवर्ती सरकारकडे होता, ते ह्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्या राखीव वस्त्यांत क्षयाने होणारे मृत्यू गोऱ्या वस्तीच्या कितीतरी पट होते आणि त्यांच्यासाठी इस्पितळेही निराळी होती. 1933 पासून क्वापेल खोऱ्यातील त्यांच्या तान्ह्या मुलांवर बी.सी.जी. लशीची परीक्षा घेण्यात आली. लस गुणकारी ठरली. पण क्षयातून वाचलेली कितीतरी मुले इतर साथींनी आणि दारिद्र्याने दगावली. मध्यवर्ती सरकारकडे पैसा होता आणि मधे दुसरा कोणी वाटेकरीही नव्हता. परंतु ह्या लोकांना त्या सरकारला जाब विचारता येत नव्हता. सस्कॅचेवानमधील करारबद्ध जमातींना प्रांतिक निवडणुकीत व मध्यवर्ती निवडणुकीतही मताचा अधिकार मिळाला तो 1960 साली.

अर्ध्या वाट्याचा जमाना फार टिकला नाही. प्रांताने एक डॉलर खर्चावा आणि आपण निमूटपणे निम्मा भरून द्यावा, ह्याला ऑटावाचे अर्थखाते कंटाळले. 1977 साली ते सूत्र मोडून ठोक रक्कम देण्याची पद्धत आली. काही रोख, काही कराचा हिस्सा. प्रत्यक्ष खर्चाशी तिचा संबंध उरला नाही. 1984 च्या कायद्याने अटी मात्र कडक केल्या: रुग्णाकडून डॉक्टरने वरकड पैसे घेतले तर तितकीच रक्कम प्रांताच्या अनुदानातून कापली जाईल. 1995 च्या अंदाजपत्रकाने रोख रकमेलाच कात्री लावली. अधिकार तेवढाच आणि देणे कमी, अशी तक्रार प्रांतांनी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

सस्कॅचेवान तर त्यापूर्वीच कर्जात बुडाला होता. 1993 साली रॉय रोमॅनो यांच्या सरकारने बावन्न लहान ग्रामीण इस्पितळांतील आंतररुग्ण-उपचारांचा पैसा बंद केला. त्यांतील पुष्कळांची आरोग्य केंद्रे झाली. हे सरकार डग्लस यांच्याच पक्षपरंपरेतले. दहा-पंधरा खाटांचे इस्पितळ सुरक्षित शस्त्रक्रिया करू शकत नाही, रस्ते व रुग्णवाहिका आता सुधारल्या आहेत, हा सरकारचा युक्तिवाद बिनतोड होता. पण ज्या गावाने आपल्या पट्टीतून ती इमारत उभी केली, जिच्यात गावच्या दोन पिढ्या जन्मल्या, त्या गावाला तो पटला नाही. पुढे 2001 साली मध्यवर्ती सरकारने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करण्यासाठी आयोग नेमला तो ह्याच रोमॅनो यांचा. 2002 च्या नोव्हेंबरात त्यांनी अहवाल दिला. कायद्याखाली येणाऱ्या सेवांच्या खर्चापैकी किमान चतुर्थांश रोखीने ऑटावाने द्यावा, असे त्यात सांगितले होते. आणि ग्रामीण व दुर्गम भागांसाठी एक वेगळा निधी उभारावा, अशीही शिफारस होती.